खाऱ्या पाण्यात उभं राहून फ्लाय फिशिंग: अंगावर काय घ्यायचं आणि कुठे बांधायचं

गोव्यात गरवणारे पुष्कळ. मांडवीच्या काठाला, शिवोलीला शापोरा नदीवर, बेतूलला साळच्या मुखाशी संध्याकाळी गरी टाकून बसलेली माणसं कधीही बघा. त्यांचं सगळं सामान एका पिशवीत मावतं आणि ती पिशवी शेजारच्या दगडावर असते. फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष) फेकायचा रॉड घेऊन पाण्यात उतरणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते, कारण त्याच्या शेजारी दगड नसतो. किनाऱ्यापासून शंभर-दीडशे पावलांवर, मांडीभर पाण्यात जे काही लागेल ते अंगावरच हवं. आणि अंगावरचं सामान दोन गोष्टींपासून सांभाळायचं असतं: एक खारं पाणी, दुसरी तुमचीच सुटी लाइन.

पाण्याची काळजी सगळे घेतात. लाइनचा विचार नवशिक्याच्या मनात येत नाही. साध्या गरीला शिशाचं वजन असतं, ते दोर ओढून नेतं आणि परत आणताना दोर रिळावर गुंडाळला जातो. फ्लायला वजन जवळपास नसतंच. वजन असतं ते जाड लाइनला, म्हणून फेकीतून परत आणलेली लाइन रिळावर न जाता डाव्या हाताने ओढून समोर सुटी सोडायची असते. दहा-पंधरा मीटर लाइन अशी तुमच्या पुढ्यात पडलेली असते आणि पुढच्या फेकीला ती एका दमात वर उठते. तिच्या वाटेत बकल आलं, चेनची ओढणी आली, पक्कडीचा दांडा आला, की ती तिथेच वेढा घालणार. मासा धावत असताना हे झालं तर लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा) तुटतो, नाहीतर बोट कापतं.

म्हणून बॅग कोणत्या कंपनीची हा प्रश्न नंतरचा. आधी प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा. पाण्यापासून ती किती उंच राहील? लाइनच्या वाटेत येईल का?

सामानाच्या आधी पाणी

सामानाच्या लेखात भरती-ओहोटी कशाला, असं वाटेल. पण बॅग कुठे बांधायची हे पाणी किती खोल आहे त्यावर ठरतं, आणि गोव्यात ती खोली तासातासाला बदलते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी साधारण २ मीटर चढतं-उतरतं. भांगाला, अष्टमीच्या सुमारास, त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे सकाळी ज्या वाटेने गेलात तीच वाट रात्री तेवढीच उथळ असेल हे गृहीत धरू नका.

वेळ काढायचा जुना हिशेब कोकणात अजून चालतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अंदाजाला तो उत्तम आहे. प्रत्यक्ष पाण्यात उतरायचं असेल तेव्हा मात्र मुरगावचं भरतीचं कोष्टक बघा आणि नदीत जितकं आत जाल तितका उशीर धरा.

हंगाम ऑक्टोबर ते मे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते हे सगळ्यांना माहीत आहे. पायी पाण्यात उतरणाऱ्याला तो नियम लागू होत असो वा नसो, जून ते सप्टेंबर नदीच्या मुखाशी पाण्यात पाय घालू नये. पावसाळा संपला की मुखावरचा वाळूचा दांडा जागा बदललेला असतो. गेल्या मे महिन्यातली वाट या ऑक्टोबरात खोल खळगा झालेली असू शकते. म्हणून हंगामातली पहिली फेरी रॉडशिवाय करा. पूर्ण ओहोटीला हातात बांबूची काठी घेऊन जा. वाळू कुठे घट्ट आहे, चिखल कुठे सुरू होतो, कालवं कुठल्या खडकावर आहेत, हे तेव्हाच उघडं दिसतं.

सुरुवातीला जागा सोप्या निवडा. तेरेखोलच्या मुखाजवळची केरीची वाळू, मोरजीला शापोराच्या मुखाची आतली बाजू, दक्षिणेत गालजीबागची खाडी. प्रत्येक ठिकाणी मुखाच्या आत, नदीच्या अंगाला उभं राहा. समुद्राच्या बाजूला ओहोटीचा ओढा आणि लाटा एकमेकांवर येतात, तिथे नवशिक्याचं काम नाही. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या महिन्यांत रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या फिरवू नका आणि कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब राहा.

कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरायचं नाही, एवढंच. चोडणच्या पक्षी अभयारण्याची कांदळवनंही सोडून द्या. खाजन शेतीच्या बांधावर जिथे मानस असते (भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार), तिथे चोणक हमखास असतो आणि तिथेच उभं राहण्याचा मोह होतो. पण मानशीवरच्या मासळीचा हक्क बहुतेक ठिकाणी लिलावाने दिलेला असतो. ज्याने पैसे मोजलेत त्याला विचारल्याशिवाय लाइन टाकू नका. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाळं पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबा. थांबलात तर बहुतेक वेळा "किते मेळ्ळें?" पासून गप्पा सुरू होतात आणि कुठे मासा आहे हे फुकटात कळतं.

चटईवर मांडा आणि निम्मं परत ठेवा

आदल्या रात्री सगळं सामान व्हरांड्यात चटईवर मांडा. अर्ध्या दिवसासाठी खरंच लागतं ते एवढंच: ९ फुटी ८ वजनाचा रॉड (८ हा लाइनच्या वजनाचा नंबर, किलो नव्हे), रीळ, २० आणि ४० पाउंडाच्या फ्लुरोकार्बन दोऱ्याची एकेक चकती, फ्लायचा एक डबा, पक्कड, नेलकटर, शिट्टी, मोबाइल, किल्ली, दीड लिटर पाणी. अंगावर लांब बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, टोपी, गळपट्टी आणि पोलराइज्ड चष्मा. चष्मा चैनीची वस्तू नाही. पाण्याची चकाकी कापून तळ दाखवतो, आणि मागून येणाऱ्या फ्लायपासून डोळा वाचवतो.

दुसरं रीळ, तीन जादा डबे, मोठं जाळं, कॅमेऱ्याची मोठी लेन्स, डब्यातली पोहे-चटणी हे सगळं गाडीत राहू दे. एका डब्यात दहा-बारा फ्लाय पुरतात. पांढऱ्या-हिरव्या आणि पांढऱ्या-पोपटी रंगातल्या क्लाउझर, दोन डिसीव्हर, एक-दोन खेकड्यासारख्या, पहाटेसाठी पाण्यावर तरंगणारी एखादी गर्गलर. चोणक (रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो), तामसो, छोटे कोकर या सगळ्यांना एवढ्यात काम भागतं. गळाचा काटा पकडीने आधीच दाबून टाका. त्याचा फायदा माशाला होतोच, पण वाऱ्याने वळलेली फ्लाय तुमच्या कानात रुतते तेव्हा जास्त होतो.

वजनाचं गणित सोपं आहे. बाकी सगळं मिळून दीड किलोच्या आत बसतं आणि दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो. म्हणजे निम्मं वजन प्यायच्या पाण्याचं. ते कमी करायचं नाही. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच अंगातून पाणी निथळायला लागतं आणि खाडीच्या मधोमध टपरी नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी साध्या पाण्यापेक्षा बरं.

बॅग

परदेशी फोटोंत दिसणारा अनेक खिशांचा बनियन गोव्यात विसरा. उकाडा एक, आणि खालचे खिसे पाण्याने भरतात हे दुसरं. उरतात तीन पर्याय.

कमरेची बॅग स्वस्त आणि सुटसुटीत. पाणी गुडघ्यापर्यंतच राहणार असेल, उदाहरणार्थ आश्वे-मांद्रेच्या ओढ्यात, तर चालते. मांडीवर पाणी आलं की ती भिजते आणि भिजलेली बॅग कमरेला दगडासारखी लोंबते. खाडीत मी तिची शिफारस करत नाही.

स्लिंग बॅग एका खांद्यावरून पाठीवर बसते आणि लागेल तेव्हा फिरवून पुढे आणता येते. फेकताना समोर काही नसतं, लाइन मोकळी राहते. पण ती पुढे आणताना खाली घसरते, म्हणजे मांडीभर पाण्यात तुम्ही ती उघडून थेट पाण्यात बुडवता. पट्टा आखूड ठेवा, इतका की बॅगेची खालची कड बरगड्यांच्या शेवटापर्यंतच येईल. उजव्या हाताने फेकत असाल तर पट्टा डाव्या खांद्यावर घ्या, नाहीतर शंभराव्या फेकीला उजवा खांदा बोलायला लागतो.

छातीवरची छोटी बॅग मला खाडीसाठी सगळ्यात बरी वाटते. ती सगळ्यात उंच राहते, दोन्ही हातांना दिसते, फ्लाय बदलताना झाकण म्हणजे छोटं टेबल होतं. तोटा असा की जाड असेल तर पाय दिसत नाहीत, आणि खडकांवर पाय न दिसणं वाईट. म्हणून चार बोटांपेक्षा जाड नको. तिच्यात डबा, दोरे आणि नेलकटर. पाणी, किल्ली, मोबाइल हे पाठीवरच्या छोट्या ड्राय बॅगेत.

ड्राय बॅगेचं तोंड गुंडाळून बंद करायचं असतं, किमान तीन घड्या. दोन घड्यांवर बकल लागतं, म्हणून लोक तिथेच थांबतात. नवी बॅग आणलीत की आत कोरडा टिश्यू पेपर टाका, तोंड गुंडाळा, बादलीत पाच मिनिटं बुडवून धरा आणि उघडून बघा. कागद दमट लागला तर मोबाइल तिच्यावर सोडू नका. कागद कोरडा असला तरी मोबाइलला आत वेगळी जलरोधक पिशवी असू दे. चिप असलेली गाडीची किल्लीही त्यातच. किल्ली बाहेर कड्याला लटकवायची सवय असेल तर ती मोडा.

चेन प्लॅस्टिकच्या दातांची घ्या. धातूची चेन मिठाने आवळते आणि मग दातांनी ओढावी लागते. बॅग कुठलीही असो, ती एका बकलात सुटली पाहिजे आणि ते बकल डाव्या हाताला डोळे मिटून सापडलं पाहिजे. पाय घसरून पाण्यात गेलात तर बॅग सोडून देता यायला हवी. घरी आरशासमोर दहा वेळा करून बघा. हसतील घरचे, हसू दे.

बास्केट, म्हणजे पोटावरचा टब

गोड्या पाण्यात नवशिक्या हिच्याशिवाय निभावतो. खाडीत नाही. सुटी लाइन ओहोटीच्या ओढ्यात पडली की प्रवाह तिला मागे खेचत नेतो आणि पुढची फेक निम्म्यावर येते. छोट्या लाटांत ती पायाभोवती वेटोळी घालते. उथळ खडकांवर ती कालवांच्या धारेवर घासते. उपाय एकच: ओढलेली लाइन पाण्यात पडूच द्यायची नाही, पोटावर बांधलेल्या टबात पडू द्यायची.

तयार बास्केट महाग मिळते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाऱ्या चौकोनी प्लॅस्टिक टबातून ती घरी सुबक होते. साधारण ४० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल असा टब बघा. फार खोल टबात हात आत जाऊन अडकतो, उथळ टबातून वारा लाइन उडवतो. प्लॅस्टिक थोडं वाकणारं हवं, कडक प्लॅस्टिक गरम सळईने भोक पाडताना तडकतं.

आता काम. तळाला पाणी निघून जायला पाच-सहा भोकं पाडा, पेन्सिलीच्या जाडीची. लाट आत आली की टब भरतो आणि भरलेला टब कमरेला ओढतो, त्यामुळे ही भोकं विसरू नका. मग तळाला साधारण ८ सेंमी अंतरावर दोन-दोन छोट्या भोकांच्या जोड्या पाडा. प्रत्येक जोडीतून खालून वर एक केबल टाय घाला, आतल्या बाजूला गाठ आवळा आणि तिचं शेपूट उभं राहील असं ७-८ सेंमी ठेवून बाकी कापा. कापलेलं टोक लायटरने क्षणभर तापवून गोल करा, नाहीतर तेच टोक लाइनवर ओरखडे पाडतं. ही उभी शेपटं लाइनची वेटोळी एकमेकांवर सरकू देत नाहीत. शेपटं नसतील तर तुम्ही चालायला लागलात की सगळी लाइन एका कोपऱ्यात जमते आणि पुढच्या फेकीला गोळाच उडतो.

पट्ट्यासाठी टबाच्या लांब बाजूला, वरच्या कडेपासून दोन बोटं खाली दोन भोकं पाडा आणि जाड इलॅस्टिकची दोरी ओवून तिला प्लॅस्टिकचं बकल लावा. टबाची जी बाजू पोटाला लागते तिथे जुन्या चप्पलच्या सोलचा रबरी तुकडा चिकटवला की घासत नाही. बांधताना टब अगदी समोर न ठेवता किंचित डावीकडे सरकवा, कारण डावा हात लाइन ओढून तिथेच सोडतो. उंची बेंबीच्या जरा खाली.

बॅगेचा पट्टा आणि टबाचा पट्टा एकमेकांवर येऊ देऊ नका. बॅग आधी घाला, टब सगळ्यात शेवटी, म्हणजे काढताना टब आधी सुटतो. स्लिंग वापरत असाल तर ती टबाच्या पट्ट्याच्या वर राहील एवढी आवळा, नाहीतर पुढे फिरवताच येणार नाही.

टब बांधून घराच्या अंगणात फेकायचा सराव करा, पाण्याशिवाय. सुरुवातीला हात टबाच्या बाहेर सोडतो. शेवटची एक वीत लाइन टबाच्या आतच सोडायची सवय लागेपर्यंत खाडीत जाण्यात अर्थ नाही.

बाकीच्या वस्तू

पक्कड उजव्या कुल्ल्याच्या मागच्या बाजूला म्यानात, दोरीने बांधलेली. समोर किंवा डावीकडे नको, तिथे लाइन असते. ओढली की मागे जाणारी स्टीलच्या तारेची चकती खाऱ्या पाण्यात लवकर अडकते, तिच्यापेक्षा साधी नायलॉनची दोरी बरी. लांबी मोजून ठेवा: कोपरात वाकवलेला हात छातीसमोर आला की दोरी ताणलेली असावी. त्याहून लांब दोरी म्हणजे लाइनला आणखी एक फांदी. नेलकटर छातीच्या बॅगेच्या आत, बाहेर लोंबकळत नाही.

वापरलेली फ्लाय डब्यात परत टाकायची नाही. भोकं पाडलेली गोळ्यांची छोटी डबी बॅगेत ठेवा आणि ओल्या फ्लाय तिच्यात जमवा. टोपीला टोचून ठेवल्या तर फोटोत छान दिसतात, पण टोपी हातात घेताना बोटात जातात.

शिट्टी गळ्यात नको, गळ्यातली दोरी लाइनीत जाते. ती बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्याला आखूड बांधा. संकटात ११२ चालतो, पण आधी शिट्टी कामाला येते. बीचवर जीवरक्षक असतात, नदीच्या मुखाच्या आतल्या बाजूला ते समोर असतीलच असं नाही. कुठे उतरणार आणि किती वाजता परत येणार हे घरी सांगून निघा.

सनस्क्रीन लावून लगेच लाइन हाताळू नका. डासांचं डीटवालं औषध तर लाइनचं आवरण आणि चष्म्याची काच दोन्ही खराब करतं. कांदळवनाजवळ संध्याकाळी डास असणारच, तेव्हा ते तळहाताला न लागता मनगटाच्या वर लावा, नाहीतर पूर्ण बाह्या आणि गळपट्टीवर भागवा.

रिळाला वाळू लागू देऊ नका. फ्लाय बांधताना रॉड कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. रॉडचं बूड टबात, रॉड खांद्याला टेकलेला, रीळ हवेत.

पाय आणि काठी

चपला, क्रॉक्स, अनवाणी, तिन्ही नको. कालवं पाय कापतात आणि ती जखम चिघळते. घोटा झाकणारे, जाड तळाचे पाण्याचे बूट घ्या आणि आत निओप्रीनचे मोजे घाला, म्हणजे वाळू टोचत नाही. फूल वेडर (छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार) गोव्यात घालायचं कारण नाही. पाणी कोमट असतं आणि उन्हात आत माणूस शिजतो.

चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून घासत सरकवा. तळाला पाकट पुरलेलं असेल तर घासण्याने ते निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा घुसतो. शिंगाळ्याच्या (इथे सांगट) काट्याचंही तेच, त्याला गळातून सोडवताना हाताने धरू नका, पकडीनेच. काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची असते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने बघा, कारण दुखणाऱ्याला अंदाज येत नाही. मग दवाखाना. यासाठीच गाडीत थर्मासभर साधं गरम पाणी असू दे. त्यात चहा भरू नका.

काठी मागच्या बाजूने पट्ट्याला बांधलेली असावी, दोरीवर तरंगत येते. चिखल आला की आधी काठी, मग पाय. काठी एका दाबात हातभर आत गेली तर तिथून वळा.

पाण्यात

ओहोटीचे शेवटचे दोन तास धरा आणि पाणी फिरलं की परत निघा. सगळ्यात फसवी जागा म्हणजे वाळूचा दांडा, ज्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये चर असतो. तुम्ही उंचावर उभे असता, पायाशी पाणी घोट्याइतकंच असतं आणि भरती मात्र मागून त्या चरात आधी भरते. जाताना चराच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवा. दर पंधरा मिनिटांनी मान वळवून तिच्याकडे बघा. काडी पाण्यात उभी दिसली की मासा लागलेला असला तरी निघायचं. मांडीच्या मध्याच्या वर पाणी गेलं तर एकच छोटी लाट पाय उचलते, आणि टब-बॅग घेतलेला माणूस आपल्याला वाटतं तितकं चांगलं पोहत नाही.

मासा लागला की जाळं नसल्याचं दुःख करू नका. टबातली लाइन आधी बोटांखालून जाऊ द्या, ती संपून रिळावर ताण आला की हळूहळू मागे मागे उथळाकडे चला आणि मासा घोट्याभर पाण्यात आणा. चोणकाच्या कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी असतात, तिथे बोट घालू नका. तामसोचे सुळे दोऱ्याला आणि हाताला दोघांनाही कापतात, म्हणून शेवटचा हातभर दोरा ४० पाउंडाचा. मासा ठेवायचा असेल तर लगेच किनाऱ्यावर न्या आणि गाडीतल्या बर्फात घाला. कमरेला ओवून पाण्यात उभं राहण्याची पद्धत इथे नको.

स्कूटरवरून, फेरीबोटीतून

९ फुटी रॉड चार तुकड्यांचा घ्या. नळकांडं पाऊण मीटरच्या आसपास होतं, ते स्कूटरवर पायाशी आडवं न ठेवता पाठीवर तिरकं बांधा. टब डोक्यावर घालू नका, पोलिसाला ते हेल्मेट वाटणार नाही. केरीहून तेरेखोलला फेरीबोटीने जायचं तर रॉड जोडून चढू नका, गर्दीत टोक मोडतं. डिकीत दोन लिटर गोडं पाणी बाटलीत भरून ठेवा.

परत आल्यावर

ते गोडं पाणी तिथेच, गाडीपाशी वापरायचं. मीठ वाळण्याआधी रीळ, रॉडच्या कड्या आणि पक्कड यांच्यावर ओता. घरी आल्यावर रिळाचा ब्रेक घट्ट करून नळाच्या मंद धारेखाली धुवा. पाइपने जोरात फवारा मारला तर मीठ आत ढकललं जातं. पुसून ब्रेक पूर्ण सैल करा आणि रीळ पिशवीत न घालता रात्रभर उघडं ठेवा. वापरलेली लाइन बादलीत कोमट पाण्यात सोडा, ओल्या फडक्यातून ओढून घ्या.

बॅगा रिकाम्या करून उलट्या टांगा, चेन उघड्या ठेवून. महिन्यातून एकदा चेनवर मेणबत्ती घासा. पक्कडीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडा. बूट सावलीत, कडक उन्हात गोंद सुटतो. टबाची भोकं वाळूने बुजलेली असतील तर काडीने मोकळी करा आणि केबल टायची टोकं बोटाने तपासा, एखादं धारदार झालं असेल तर परत तापवा.

लीडर दोन बोटांतून शेवटपर्यंत ओढा. खरखर लागली तिथून पुढचा तुकडा कापून टाका. डबीतल्या फ्लाय गोड्या पाण्यात हलवून वर्तमानपत्रावर पसरा आणि दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावरच डब्यात परत टोचा. एखादीच्या गळावर तांबडा ठिपका दिसला तर ती बाजूला काढा, बाकीच्यांना लागायच्या आत.